कळ

सव्वीस पॉइंट, मी लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं.
बोंडे काकांनी खोडून सत्तावीस केलं.
सत्ताविसावा कुठे, ते नंतर सांगतो म्हणाले.

भुसावळ, एप्रिल, दुपारचे दोन.
कूलरमधल्या पाण्यात चहाची पूड टाकावी इतकं ते तापलेलं.
मी एकेक बोर्ड उघडत गेलो
आणि एकातही न्यूट्रल नाही.
सत्त्याण्णवचं घर. तेव्हाचे वायरमन खाली फक्त फेज उतरवायचे,
परतीची तार वर स्लॅबमध्येच राहायची.
काका, म्हटलं, नव्या स्विचला
दिवा बंद असतानाही थोडी थोडी वीज प्यावी लागते,
जागं राहायला.
"म्हणजे रात्रपाळीवाला."

चौतीस वर्षं केबिनमध्ये खटके ओढलेला माणूस,
आणि मी त्याला ऑटोमेशन समजावत होतो:
गिझर चालू असला की एसी आपोआप थांबेल.
हे तर इंटरलॉकिंग, ते म्हणाले,
आमच्याकडे लोखंडात होतं, ग्रीसचा वास यायचा.
मग चष्मा काढून विचारलं,
मोबाइल म्हणतो दिवा विझला.
पाहिलं कुणी?

खटका ओढला म्हणून सिग्नल पडला असं नसतं पोरा.
मध्येच तार तुटलेली असते.
समोरच्या काचेत तो छोटा हात हलला
की मगच वहीत लिहायचं.

मी स्वस्तातले स्विच जळगावला परत पाठवले.
उलट निरोप देणारे मागवले, नगामागे आठशे जास्त.
पुण्याहून योगेंद्रने पैसे पाठवले
आणि एक अंगठा.

मथुराकाकू अंगणात वांगी भाजत होत्या,
काडीचा धूर थेट हॉलमध्ये.
स्मोक सेन्सर मी तिथल्या तिथे यादीतून काढला.
काकू, तुमच्या बाजूला काय देऊ?
"मले काही नको रे बाप्पा."
पण पलंगाच्या डाव्या अंगाला, गादीच्या उंचीवर,
जुन्या बटणाभोवती चुन्यात
बोटांनी केलेला एक काळपट गोल होता.
नवी कळ मी तिथेच बसवली,
न विचारता.
उजवी काकांची.

शेवटच्या दिवशी सत्ताविसावा कळला.
रंगीत बल्ब. एक कोटी साठ लाख रंग, मी कौतुकाने म्हणालो.
"एकच दे. हिरवा."
गॅलरीत लावू? तिथून अख्खी लाइन दिसते.
ते माझ्याकडे असे बघत राहिले
जसं मी गाडी येत असताना फाटक उघडलं.
"बाहेर हिरवं दाखवायचा मला आता अधिकार नाही."
खोलीतच लावला मग, पलंगासमोर,
भिंतीकडे तोंड करून.
खिडकीला जाड पडदा.
बाहेर जाऊन त्यांनी स्वतः चारी बाजूंनी तपासलं.

काम संपलं की त्या घरातून स्वतःचं नाव काढायचं असतं.
मोबाइलवर. दोन मिनिटांचं काम.
मी काढलं नाही. विसरलो म्हणू शकतो.
फैजपूरला, गच्चीवर, झोप येत नसताना
'बोंडे, भुसावळ' उघडतो:
दोन बावन्न, हिरवा, चालू.
दोन त्रेपन्न, बंद.
रोज.

आधी वाटलं, टायमर चुकला.
टायमर लावलेलाच नव्हता.
आवाजाने नाही, मोबाइलने नाही, हाताने.
उजव्या कळेवरून असणार म्हणून नोंदी खाली सरकवल्या,
एकोणीस रात्री.
एकोणीसच्या एकोणीस
डाव्या.

त्यातल्या एका रात्री चार दहाला.
तेवढ्या वेळ कोण जागं होतं, ते यंत्र लिहीत नाही.
ते फक्त खरंच लागला का, एवढं सांगतं,
आणि खरंच विझला का.

नाव काढायचं बटण लाल आहे.
दाबलं की एकदा विचारतं, नक्की?
उद्या दाबतो.
तीन वाजून गेलेत,
आज गाडी लेट दिसते.