कुशीवर

भरीत संपलं होतं, कळण्याच्या पुऱ्या वातड झाल्या होत्या,
काट्यांच्या आगीत वांग्याची एक साल अजून फुगत होती,
तेव्हा गिरधर झोपे ताटावरून उठला
आणि केळीच्या दुसऱ्या ओळीत गुडघ्यांवर पडला.

आधी आम्ही हसलो.
हे सांगून ठेवतो, कारण बाकीचे सांगणार नाहीत.

शाळेत हजेरी घेताना मास्तर विचारायचे,
झोपे, जागे का?
आणि हा सगळ्यांत मोठ्यानं हजर म्हणायचा.
आता चौघं त्याच्या गालांवर चापट्या मारत होते,
झोपू नको, झोपे, झोपू नको,
आणि त्याची मान ओल्या पोत्यासारखी
जो धरेल त्याच्याकडे कलत होती.

लिंबू पिळा, पितांबर म्हणाला.
ताक पाजा.
मोटारीच्या पाण्याखाली धरा, लगेच उतरते.
पौषातली रात्र, सुकीच्या पात्राकडून वारा,
आणि चौघांच्या हातात त्याचे चार हातपाय.

मी प्रमिलाला फोन लावला. मावसबहीण,
सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला.
तिनं पहिल्यांदा मला शिवी दिली,
मग विचारलं, किती प्यायला?

कुणालाच माहीत नव्हतं.
चार वर्षं त्यानं शिवली नव्हती, हे मला माहीत होतं.
पहिला ग्लास मीच भरला होता.
स्टीलचा होता, बाहेरून कळत नाही किती ते.
एवढ्यानं काय होतं, असंही म्हणालो होतो.

तोंडात काही घालू नका, ती म्हणाली,
लिंबू नाही, ताक नाही, बोट तर नाहीच.
पाणी ओतलंत तर गारठून मरेल.
कुशीवर कर. वरचा गुडघा पुढे वाकव.
गालाखाली त्याचाच हात दे.
आणि झोपू दे त्याला.
जागं तुला राहायचंय.
श्वास मोज. मिनिटाला आठच्या खाली गेले,
ओठ निळे पडले, चिमटा काढूनही हूं की चूं नाही,
तर मला नको, एकशेआठला फोन कर.

बाकीचे एकेक करून मोटरसायकलींवर गेले.
पितांबर तेवढा आपली घोंगडी टाकून गेला.

मी मापारी आहे. काट्यावर केळीचे घड मोजतो,
दिवसाला दोन ट्रक.
चुकलो तर शेतकरी बोलतो, चुकलो तर व्यापारी बोलतो.
चौदा. तेरा. पुन्हा चौदा. बारा.
एकदा अकरा, आणि मी मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं,
जणू तेच थांबलं असावं.

दोनला तो पुन्हा ओकला, डोळे न उघडता.
कुशीवर होता, म्हणून मातीत गेलं,
छातीत गेलं नाही.
मी उपरण्यानं त्याचं तोंड पुसलं,
दाढीत अडकलेलं वांग्याचं बी नखानं काढलं.

तीनच्या सुमाराला तो बोलला,
आमच्या घरातल्या बोलीत, जी तो दुकानात बोलत नाही:
मले सोळू नको, अण्णा.

मी अण्णा नाही.
अण्णा जाऊन चार वर्षं झाली.
हाव, म्हणालो,
जमेल तेवढा त्याच्या बापासारखा घसा खरवडून.
मग तेरा. मग चौदा.

उजाडताना पानांवरून दव टपटपायला लागलं
तेव्हा तो उठून बसला, पाणी मागितलं,
आणि माझा कोट आपल्या अंगावर बघून
बराच वेळ गुंड्या चाचपत राहिला.
काही बोललो का रे मी?
घोरत होतास.
ग्लासाचं सांगायला तोंड उघडलं,
तर तो म्हणाला, डोकं दुखतंय, हळू बोल.
मी अजून काहीच बोललो नव्हतो.

दहाला काट्यावर उभा होतो.
घड येत होते, मी मोजत होतो,
आठ, नऊ, दहा, अकरा,
आणि थांबलो.
मागून हमाल ओरडला,
काय मापारी, झोप लागली का?