निळ्याचं वळण

ग्रामपंचायतीच्या पुस्तिकेसाठी
गावाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं,
कारण माझं अक्षर बरं
आणि बाप पाटकरी.

बापाची चोपडी अजून आहे.
कुठलं दार किती इंच उचललं,
पाळी कुणाची, रात्रीत पाट कुणी फोडला.
फोडणाऱ्याच्या जागी दरवेळी
‘अज्ञात इसम’.
बापाला सगळे इसम ठाऊक होते.

खोडशीला कृष्णेतून निघालेला कालवा
नदीपासून जरा फटकून चालतो,
वाटणी झालेल्या भावासारखा,
बोलत नाही, पण नजरेआड होत नाही.
आमच्या शिवारात मात्र तो एकाएकी
कोपरात मोडतो.
कालव्याच्या नकाशात वळण आहे, नाव नाही.
आम्ही म्हणतो, निळ्याचं वळण.

तळपे गुरुजी म्हणाले, नीळकंठ नावाचा ओव्हरसीअर असणार.
सोसायटीचे चेअरमन म्हणाले, पाणीच निळं होतं,
कारखाना व्हायच्या आधी.
दस्तगीर मुलाणी म्हणाला, साहेबाचा निळा घोडा बुडाला तिथं.
घोडा निळा कसा?
साहेबाचा होता, म्हणाला.

मी तिन्ही लिहून घेतलं.

मग आईच्या पाट्याला टाकी लावायला
गंगव्वा विटकरकडं गेलो, वळणापलीकडं,
जिथं चुन्याच्या घाणीचं दगडी वाटोळं
बाभळीत अर्धं बुडालंय.
विषय निघाला तर ती छिन्नी न थांबवता म्हणाली,
आमच्या घरात पाण्याला नीळ्ळु म्हणतात.

टक्. टक्.
पाट्यावर एकेक खळगा उमटत होता.

आज्जीच्या आज्जीचं सांगणं, म्हणाली.
खडक लागला. सुरुंग भरला.
वात लवकर पेटली का माणसं उशिरा पळाली,
दोघं राहिले आत.
भेगेतून पाणी आलं.
आणि कुणीतरी ओरडलं, नीळ्ळु.
वर उभ्या असलेल्यांनी पाणी लागलं म्हणून,
का आत पडलेल्यानं
पाणी पाहिजे म्हणून,
ते काय आज्जीला कळलं नव्हतं.
शब्द एकच.

त्यानंतर सूत्र बाजूला मारलं
आणि कालवा वळवला.

मी विचारलं, त्या दोघांची नावं?
ती म्हणाली, खणताना मधे मातीचा एक खांब सोडतात,
डोक्यावर गवत तसंच ठेवून.
जमीन आधी कुठवर होती त्याची साक्ष.
मोजणारा येतो, टेप लावतो, ब्रासचा हिशोब होतो,
पैसे मिळतात.
मग तो खांबही खणून काढायचा.
त्याचे पैसे नसतात.

पाटा घेऊन निघालो. वीस रुपये झाले.
कालव्याच्या भरावावरून येताना
पाणी चाललं होतं खाली द्राक्षांकडं, उसाकडं,
पाळी वाघमोड्यांची होती,
कुणीतरी धुणं आपटत होतं
आणि पोरं नेमकी त्याच कोपऱ्यात
उड्या टाकत होती, कारण तिथं खोल आहे.

पुस्तिकेत मला अर्धं पान होतं.
बंधारा, मैलाचे दगड, आलेले गेलेले साहेब
यातच ते संपत आलं.
शेवटच्या चार ओळींत मी तिचा शब्द बसवला.

छापून आली तेव्हा
इस्लामपूरच्या छापखान्यातल्या कुणा शहाण्यानं
शुद्धलेखन तपासलं होतं.
‘निळू नावाच्या अज्ञात इसमावरून
हे वळण ओळखले जाते.’

एकूण दोनशे प्रती.
एक गंगव्वाला दिली. तिला वाचता येत नाही.
कुठं आहे, म्हणाली.
मी ओळीवर बोट ठेवलं.
तिनं बोटाखालचा कागद जरा चोळून बघितला,
पाट्याचा खरखरीतपणा बघतात तसा.

आता रोज रात्री दहा प्रती घेऊन बसतो.
निळू खोडायचं, वर नीळ्ळु लिहायचं,
ळ्ळ नीट काढायचा.
माझं अक्षर बरं आहे.
पाळी चालू असली की खिडकीतून
ऐकू येतं,
इसम खोडू का नको,
अजून ठरत नाही.