खाजनातला तास

त्रिविक्रम केंकरे सरांचा पहिला तास
वर्गात झालाच नाही.
सकाळच्या गाझोलिनीने आम्हा नऊ जणांना दिवाडीला नेलं,
ओहोटी लागेपर्यंत बांधावर बसवून ठेवलं,
मग विजार गुडघ्यापर्यंत दुमडून
स्वतः चिखलात उतरले.
कोपरापर्यंत हात घातला, चिमूटभर माती काढली,
जिभेवर ठेवली.
"लिहा," म्हणाले. "खारट.
पण पेजेत चालतं तेवढंच."
आम्ही लिहिलं.
कुठल्या रकान्यात, ते कुणालाच कळलं नाही.

त्यांची हकीकत तुकड्यातुकड्याने हाती यायची.
बाप कुंकळ्ळीचा मिरीचा व्यापारी,
मुलगा वकील व्हावा म्हणून लिसेवात घातलेला.
मुलगा पळाला पुण्याला, नांगर शिकायला.
चार वर्षांनी परतताना
कुळ्याच्या नाक्यावर जकातीच्या शिपायाने ट्रंक उघडली:
दोन सदरे, आणि भाताच्या सतरा पुड्या.
"हे काय?"
"अभ्यास."
शिपायाने एक पुडी फोडली, चार दाणे चावले,
तोंड वाकडं करून शिक्का मारला.
सर म्हणायचे, पदवीनंतरची परीक्षा
त्या माणसाने घेतली. मी काठावर पास.

कारण सतराच्या सतरा वाणं
त्या वर्षी खाजनात जळाली.
पुण्यात कमरेएवढी वाढणारी रोपं
इथे वीतभर होऊन पिवळी पडली, तांबूस झाली, बसली.
बांधावरून कोंसेसांवमाय बघत होती,
डोक्यावर टोपली, ओठात विडी उलटी, पेटती बाजू आत.
"पात्रांव," ती म्हणाली, "ह्या शेताक पुस्तक वाचूंक येना."
आणि टोपलीतून मूठभर कोरगूट दिला,
लांब कुसळाचा, तांबड्या तांदळाचा, मिठात उभा राहणारा.

ही गोष्ट लपवता आली असती.
सरांनी ती अभ्यासक्रमात घातली.
तिसऱ्या वर्षाच्या टिपणांत आजही आहे,
प्रकरण सहा, खारजमिनीतील भात,
आणि खाली संदर्भ म्हणून एकच ओळ:
कोंसेसांव, दिवाडी, तोंडी.

शाळा म्हणजे मिठाचं जुनं कोठार.
पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटायचा,
खडू ओला, फळा ओला,
भिंतीवरचं मीठ पोरं बोटाने चाटायची.
सर म्हणायचे, चाटा, प्रयोगशाळा आहे ही.
"प्रोफेसर" हा हुद्दा कागदावर होता,
पगार मात्र कारकुनाचा, तोही दोन-दोन महिन्यांनी.
मानशीची दारं कुजलीत, बांध पोखरलाय,
अशी अकरा पत्रं त्यांनी सरकारला लिहिली,
पोर्तुगीजमध्ये, सुंदर वळणदार अक्षरात.
बाराव्याची वेळ आली नाही.
अमावास्येच्या भरतीला बांध फुटला.
रात्रभर आम्ही चिखलाच्या टोपल्या पुढे सरकवत होतो,
गावकार, कुळं, पाद्री, पोदेर,
आणि रांगेत कुठेतरी प्रोफेसर,
चष्मा खिशात, शिव्या कोकणीत.
सकाळी तास होता. घेतला.

मग राज्य बदललं. नवं खातं आलं,
नव्या खात्यात नवी खुर्ची, तिच्यावर दुसरा कुणी.
सर सायकलने घरी गेले.

मी शेवटचा भेटलो तेव्हा
ते माजघरातल्या खाटेवर होते.
अर्धांगवायूनंतर उजवी बाजू गेलेली, शब्द जड.
मी डब्यातून दिवाडीची माती नेली होती,
मूर्खपणाच म्हणायचा, पण नेली होती.
त्यांनी डाव्या हाताने चिमूट घेतली. जिभेवर ठेवली.
बराच वेळ थांबले.
"काहीच लागत नाही रे."
मी डब्याचं झाकण लावू लागलो.
"बांधात खेकड्यांची बिळं?"
आहेत, म्हटलं. यंदा पुष्कळ.
"भरती कधी?"
"पहाटे तीन."
माझ्याकडे असं पाहिलं, जसं पाठ न करता आलेल्या पोराकडे बघत.
"मग इथे काय करतोयस?"

धक्क्यावर पोचलो तेव्हा
शेवटची फेरी नदीच्या मध्यावर होती.
पायऱ्यांवर बसलो, डबा मांडीवर.
पाणी एकेक पायरी वर येत होतं,
आणि माझ्या बोटांना अजून चिखल होता.