तिसरा खटका

विजापूर वेशीत घोडी बिचकली.
मी खाली, माझ्यावर युफोनियम,
युफोनियमवर नवरदेवाचा मामा.
मामा उठला, धूळ झटकून जेवायला गेला.
बाज्याच्या पोटात वाटीएवढा पोचा राहिला
आणि आवाज असा,
की सर्दी झालेल्या म्हशीनं पत्ता विचारावा.

मालक म्हणाले, मेरठला पाठव.
मेरठला जायला दोन दिवस, यायला दोन,
मधे बारा तारखा, त्यातल्या चार एकाच दिवशी.
मी बाजा गोणपाटात गुंडाळला
आणि सोलापूरभर विचारत निघालो.

कासाराच्या दुकानातल्या म्हातारीनं टिचकी मारली,
कान लावला, म्हणाली,
पितळ जुनं आहे, चांगलं आहे,
मोडीत देतोस का?
मी गोणपाट पुन्हा बांधलं, घट्ट,
पोराचे कान झाकावेत तसं.

अशोक चौकात तौफिक रेडिएटरवाला
ट्रक अर्धा सोडून बघायला आला.
डाग देईन, म्हणाला, पाणी गळायचं थांबेल.
सूर गळतो त्यातलं मला काय कळतंय?
सरळ माणूस. चहा पाजला.
त्यानंच सांगितलं,
कुंभारीच्या घरकुलात एक येमूल आहे,
गिरणीत फिटर होता.
गिरणी गेली, फिटर राहिला.

लच्चय्या येमूल दारात बसलेला,
दोन्ही कानांत चाळीस वर्षांचे माग.
मी ओरडून सांगू लागलो तर हात वर केला:
ओरडू नको. वाजव.
बाज्याच्या नरड्यावर तळवा ठेवून
त्यानं डोळे मिटले. मी फुंकलं.
तो तेलुगूत काही पुटपुटला,
नातीनं वहीतून मान न काढता मराठी केलं:
आजोबा म्हणतात, दोन जागी रडतोय.

मग बिडी पेटवली,
धूर गालात धरून नळीत सोडला,
आणि वळणापाशी, जिथं मी शंभरदा पुसलं असेल,
केसाएवढ्या फटीतून
निळी शेपटी बाहेर आली.

पोचा त्यानं ठोकला नाही.
सळीच्या टोकाला लोखंडी गोळा,
आतून दाबत, बाहेरून लाकडी मोगरी फिरवत,
पितळाला त्याचा आधीचा आकार
हळूहळू आठवू दिला.

तेव्हा त्याला माझा हात दिसला.
करंगळीशेजारचं बोट
मी सोळाव्या वर्षी पॉवरलूमला देऊन आलोय.
तिसरा खटका करंगळीनं ओढूनताणून दाबतो,
चाल घाईची असली की तो सूर राहून जातो.
बँडात सगळ्यांना ठाऊक आहे.
कुणी बोलत नाही. लग्नात कोण ऐकतं?

कुठला कारखाना, त्यानं विचारलं.
सांगितलं.
कितवा माग?
तेही सांगितलं.
मग बराच वेळ तो डबा धुंडाळत होता.

सुती दोऱ्यानं करंगळीची लांबी घेतली,
दोऱ्याला गाठ मारून खिशात टाकली,
म्हणाला, मंगळवारी ये.
मंगळवारी नव्हतं झालं. शुक्रवारी झालं.
जुन्या धोट्याचं पोलादी टोक कापून, घासून
खटका केला होता,
आणि बसवला होता अशा जागी
जिथं माझी करंगळी न विचारता पडते.

पैसे किती?
डागाचे शंभर, पोच्याचे दोनशे.
आणि खटक्याचे?
नातीनं विचारलं, त्यानं ऐकलं नाही,
किंवा ऐकलं नाही असं केलं.

पहिली वरात साखर पेठेत.
तिसरा सूर वेळेवर आला
आणि ढोलवाला महिबूब
चालता चालता मागं वळून बघू लागला,
नवा माणूस कधी घेतला म्हणून.

एवढंच, की एप्रिलच्या उन्हात पोलाद तापतं,
करंगळीला फोड येतो.
जाऊन तक्रार केली.
लच्चय्यानं तळवा खटक्यावर ठेवून पाहिला,
झटकन काढला, आणि म्हणाला,
मग रात्रीची लग्नं घे.