बुडबुडा

तौतविदासने तो घोंगडीत गुंडाळून आणला,
गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून.
पडदा पोस्टकार्डाएवढा,
आणि पुढ्यात लोखंडी दांड्यांवर ते पोकळ भिंग,
काचेचं पोट. त्यात पाणी भरलं
की पोस्टकार्डाची वही व्हायची.

"आत्या विचारते, होईल का?"
मी म्हटलं, ठेव.
आधी मागची पाटी उघडतात, मग बोलतात.

शौलेयच्या कारखान्यात तेवीस वर्षं
मी पट्ट्यावरून येणाऱ्या संचांचे चेहरे सरळ केले:
लांबट, चपटे, एका गालावर झुकलेले.
कारखाना गेला. माझं टेबल होतं तिथे
आता कोणी गालिचे विकतं.
हात मात्र माझ्याबरोबर घरी आले,
आणि हातांना काहीतरी द्यावंच लागतं.
गॅरेजात एकोणीस संच आहेत.
मोटार बाहेर, बर्फात.

पाटी काढली. धूळ, एक वाळकी गांधीलमाशी,
कपॅसिटरांचं मेण ओघळून थिजलेलं.
सहा आठवडे गेले.
कपॅसिटरांची जुनी साल राखली, आत नवा जीव कोंबला.
डाख देताना श्वास धरायचा
हे मला व्लादिस्लोवा फोरमनबाईने शिकवलं,
ती स्वतः सिगारेट तोंडात ठेवून डाख द्यायची.
आणि प्लग काढला तरी लगेच हात घालायचा नाही.
बंद पेटी वीज धरून बसते,
अबोला धरलेल्या माणसासारखी.

भिंगातलं पाणी चहाच्या रंगाचं,
वर अक्रोडाएवढा बुडबुडा.
ओतून दिलं. धुतलं. औषधांच्या दुकानातलं शुद्ध पाणी
काठोकाठ भरलं, हवेचा कणही नाही.
अभिमान वाटला, लपवत नाही.

हवेत आता या पेटीला समजेल असं
कुणी बोलत नाही. प्रक्षेपण कधीच थांबलं.
म्हणून एका डबीतला दुभाषी जोडून दिला.
वीज हळूहळू चढवली,
उपाशी माणसाला पेज पाजावी तशी.
आधी वास. मग मुंग्या.
मग मुंग्यांतून एक बाई, हवामान सांगणारी.

स्तेफानिया आत्या आली,
काठी, दोन स्वेटर, एकावर एक.
बसली. बघत राहिली.
मी तिच्या रडण्याची वाट पाहत होते;
लोक रडतात, मी खणात रुमाल ठेवते.
ती म्हणाली, "तो कुठे गेला?"
कोण?
"बुडबुडा."

मग सांगितलं. वेंताकाठच्या त्यांच्या घरात
आख्खं गाव जमायचं,
आणि पडद्यावर कोणी पदकवाला भाषणाला उभा राहिला
की वडील न बोलता उठायचे,
पेटीच्या डाव्या पायाखाली काडेपेटी सरकवायचे.
बुडबुडा घरंगळत जाऊन
त्याच्या डोक्यावर बसायचा.
डोकं वाटाण्याएवढं. खाली पदकं तेवढीच.
हसायचं कोणी नाही.
हसण्यासाठी माणसं कुठे कुठे गेली होती.
"खोकायचे सगळे," आत्या म्हणाली,
"केवढा खोकला असायचा आमच्या गावाला."

मी इंजेक्शनची सुई घेतली,
भिंगाचं बूच सैल केलं.
एक चमचा पाणी काढलं. ती म्हणाली, अजून.
दुसरा. अजून.
तिसऱ्याला काही म्हणाली नाही, फक्त पुढे वाकली.

हवामानवाली पावसाबद्दल सांगत होती,
तिचं बिचारीचं काही चुकलं नव्हतं.
तौतविदास खिसे चाचपत होता;
तो सिगारेट ओढत नाही.
काडेपेटी माझ्याकडे होती.
मी डावा पाय उचलला.

आत्याला खोकला आला.