सहा एमएम

पाणी खात्यात एकोणीस वर्षं झाली मला.
कुठल्या गल्लीत किती वाजता सुटतं,
कुठे चढ आहे, कुठे शेवटच्या नळाला
नुसती हवा येते,
झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

आणि या घरातल्या पहिल्या सकाळी
बादली लावून उभी राहिले,
तर नळ फक्त घसा खाकरत राहिला.

भांडुप, अकरावा मजला, अकराशे तीन.
एकतीस खोकी. ज्यावर मीच लिहिलं होतं
‘काचेचं, जपून’, त्यातून निघाल्या चपला.
काच कुठे गेली, अजून कळलेलं नाही.

समोरच्या दाराला झेंडूचं वाळकं तोरण.
शेजारच्या दाराशी पाच जोड चपला
आणि एक गमबूट. एकच.
दुसरा कुठे, हे विचारण्याइतकी
ओळख अजून व्हायची होती.
लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघतात.
मीही आठ दिवसांत शिकले.

रविवारी लल्लन आला ड्रिल घेऊन.
मांडणीसाठी चार भोकं, बस्स.
तिसऱ्याला त्याचा हात एकदम पुढे गेला,
अंधारात जिना संपलेला असतो
आणि पाय अजून एक पायरी शोधतो, तसा.
पलीकडे काहीतरी खणकन पडलं.
मग शांतता. मग भिंतीतून,
अगदी माझ्या कानाशी,
‘अगो बाय! कोन हाय तिकरं?’

मी भिंतीला म्हणाले, ‘मी. नवीन.’
‘नवीन म्हंजे?’
‘अकराशे तीन. सॉरी हां.’
‘सॉरी ऱ्हाऊ दे.
माज्या हलदीच्या डब्यान तुजी भित परली!’

पाव किलो हळद घेऊन गेले संध्याकाळी.
चांगुणा तांडेल. दार आधीच उघडं होतं.
तिने मला आतून माझ्या घराकडे बघायला लावलं,
एक डोळा मिटून. दिसली
माझ्या खोक्यांची रांग,
दुसऱ्या कुणाची असावी तशी.
‘एका मान्साला एवरी खोकी?’
‘दोघांची होती,’ मी म्हटलं.
तिने हळद डब्यात ओतली, सावकाश,
कडेला एक कणही न सांडता.

गमबूट नवऱ्याचा, एवढं ती म्हणाली.
दुसऱ्याचं तिने सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

पाण्याचं मात्र विचारलं.
पावणेसहाला येतं, सव्वासहाला जातं.
आमच्या तक्त्यात साडेसात आहे,
मी म्हणाले, जरा अधिकारवाणीने.
‘मंग तक्त्याखाली लाव बालदी.’

तेव्हापासून रोज पहाटे
भिंतीतून हाक येते, ‘पानी आयलं गो!’
आणि मी अर्धवट झोपेत नळ सोडते.
सोड्यांच्या कालवणाचा वासही येतो,
वाटी पोचण्याआधी.
भोक बुजवायला पांढरं सिमेंट आणलंय.
पुडी त्याच मांडणीवर आहे.

रात्री दिवा मालवला, की कळतं
तिच्याकडे अजून कुणीतरी जागं आहे.
मसुरीच्या दाण्याएवढा उजेड
माझ्या चहाच्या डब्यावर येऊन बसतो.

भाद्रपदात ती मोऱ्याला गेली, सगळ्यांना घेऊन.
नऊ दिवस डबा नुसता डबा होता.
पावणेसहाला मीच उठायचे.
एकदा तर तोंड भिंतीशी नेऊन
हळूच म्हटलंसुद्धा, ‘पाणी आलं.’
ऑफिसात तक्ता खोडून दुरुस्त केला,
साहेबांनी विचारलं, कशाच्या आधारे?
पाहणी केली, असं लिहिलं.

दहाव्या दिवशी उशिरा घरी आले.
चप्पल काढली, पर्स टाकली,
आणि दिवा न लावताच
स्वयंपाकघरात गेले.
डब्यावर दाणा होता.

‘आयलीस?’ भिंत म्हणाली.
‘खोकी उघरलीस का नाय?’
‘बारा राहिलीत,’ मी म्हटलं.