परवाचा हामूर

व्हिसावर माझ्या नावापुढे
'काम करण्यास परवानगी नाही'.
वर्षभर तेच वाचत राहिले
एसीच्या घरघरीत.

आज मुहर्रकच्या मासळीबाजारात
म्हाताऱ्या जुमाने हामूर पुढे केला.
मी नुसता कल्ला उचलला,
अंगठ्याने पोट दाबलं
आणि मान हलवली: परवाचा.

तो हसला.
खालच्या बर्फातून दुसरा काढला.
त्याला मराठी येत नाही, मला अरबी.

श्रीवर्धनच्या जेटीवर, आठ वर्षांची असताना,
आईच्या पाटीशी उकिडवी बसून शिकलेलं
ह्या बोटांत होतंच की.
कस्टमवाल्याने अख्खी बॅग उपसली,
त्यालाही सापडलं नाही. मलाही.

जिन्यात शीबा म्हणाली,
शुक्रवारी माझ्यासाठी निवडशील?

हात धुतले तरी वास राहिलाय.
राहू दे.